ट्रॉली, ट्रॅक्टर, मोटरसायकल घरीच रंगवताना: परवडणारा प्रायमर आणि रंग निवडण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी होते, सोयाबीन विकलं जातं, कापसाची पहिली वेचणी घरात येते आणि मग अंगणात उभ्या ट्रॉलीकडे लक्ष जातं. फाळक्यांचा रंग उडालेला असतो, तळाला गंजाचे पापुद्रे सुटलेले असतात. मी यवतमाळ जिल्ह्यात शेती करतो. स्वतःची ट्रॉली, ट्रॅक्टर आणि भावकीतल्या काही मोटरसायकली मी घरीच रंगवल्या आहेत. आधी चुकत चुकत, मग एका जुन्या पेंटरच्या हाताखाली शिकत. दर हंगामात लोक तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे.

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते एकमेकांशी न जुळणारे डबे एकावर एक मारल्याने. प्रायमर (रंगाखाली मारायचा पहिला थर), रंग आणि थिनर (रंग पातळ करायचा द्रव) एकाच घराण्यातले हवेत. पुढची बरीच उत्तरं फिरून इथेच येतात.

प्रश्न: घरी रंगवलं तर खरंच पैसे वाचतात का?

ट्रॉली, ट्रॅक्टर, पेरणी यंत्र, जुनी जीप यांत नक्की वाचतात. गॅरेजच्या बिलात मोठा वाटा मजुरीचा असतो आणि त्या मजुरीतला मोठा वाटा नुसत्या घासण्याचा असतो. घासायला चिकाटी लागते, ती आपल्याकडे आहे. मोटरसायकलचं काम नाजूक, पण जमतं. मेटॅलिक रंगाची कार मात्र अंगणात रंगवायला घेऊ नका. त्यातले चमकीचे कण स्प्रे गनचा हात जसा फिरेल तसे बसतात. दारावर एक छटा आणि मडगार्डवर दुसरी दिसते, मग तेच काम पैसे देऊन पुन्हा करून घ्यावं लागतं.

मधला रस्ताही आहे. गंज काढणं, घासणं, प्रायमर आणि लांबी (खड्डे भरायची पुटी) घरी करा आणि शेवटचे रंगाचे हात तेवढे पेंटरकडून मारून घ्या. तसं आधी बोलून ठेवा, कारण काही पेंटर दुसऱ्याच्या प्रायमरवर रंग मारायला तयार नसतात, आणि त्यांचंही चूक नाही. खाली काय दडलंय हे त्यांना कसं कळणार?

प्रश्न: दुकानात सिंथेटिक, एनसी, पीयू अशी नावं सांगतात. नेमका कोणता घ्यायचा?

सिंथेटिक इनॅमल सर्वांत स्वस्त. टर्पेंटाइनने पातळ होतो, ब्रशनेही लागतो आणि दोन हातांत चांगला झाकतो. हवेतला ऑक्सिजन घेऊन तो कडक होतो, म्हणून वेळ लागतो. हात लावण्याजोगा व्हायला चार ते सहा तास, आणि दुसऱ्या हाताआधी पूर्ण रात्र जाऊ द्यायची. तेवढ्या वेळात उडत आलेली धूळ आणि चिलटं त्यात चिकटतात, हा त्याचा मोठा दोष. गुण असा की वर्षभराने ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी ब्रशने हात मारता येतो.

एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. यातला थिनर उडाला की रंग सुकला, १०-१५ मिनिटांत. धुळीच्या गावात ही सोय फार मोठी वाटते. पण थर पातळ बसतो, म्हणून तीन-चार हात लागतात. चमक आपोआप येत नाही, कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) मारून काढावी लागते. उन्हात काही वर्षांनी बारीक तडे जातात. शिवाय थिनर एवढा लागतो की डब्याची किंमत बघून स्वस्त वाटलेला रंग थिनरसकट हिशेब केला की तसा राहत नाही.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. हा दोन डब्यांचा रंग, एकात रंग आणि दुसऱ्यात त्याला कडक करणारा हार्डनर. चमक, टिकाऊपणा आणि पेट्रोल सहन करण्याची ताकद या तिन्हींत तो वरचढ. किमतीतही वरचढ, कारण हार्डनर आणि त्याचा खास थिनर वेगळा घ्यावा लागतो. गनने मारताना त्याचा फवारा फुफ्फुसांना घातक असतो, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

माझं मत विचाराल तर ट्रॉली, अवजारं आणि रोज शेतात जाणारा ट्रॅक्टर यांना सिंथेटिक. मोटरसायकलच्या टाकीला पीयू, तोही पेंटरकडून. एनसी मी आता लहान दुरुस्तीपुरताच वापरतो.

प्रश्न: घराच्या दाराला मारतो तो ऑइल पेंट गाडीला चालतो का?

ट्रॉली-ट्रॅक्टरला चालतो. ऑइल पेंट म्हणजे हाच सिंथेटिक इनॅमल. फक्त चकचकीत, बाहेरच्या कामाचा घ्या. भिंतीचा पाण्याचा रंग मात्र लोखंडाला लावू नका.

प्रश्न: गाडीवर आधीचा रंग कोणता आहे हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न लोक विचारत नाहीत, पण विचारायला हवा. बोनेटच्या आतल्या बाजूला किंवा सीटखाली, जिथे दिसणार नाही तिथे, एनसी थिनरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा दोन मिनिटं दाबून धरा. रंग विरघळून बोळ्याला लागला तर खालचा रंग एनसी किंवा साधा स्प्रेचा आहे. रंग फुगून सुरकुत्या पडल्या तर सिंथेटिक आहे. काहीच झालं नाही तर कंपनीतला भट्टीचा किंवा पीयू आहे, आणि तो घट्ट असेल तर खाली राहू द्यायला हरकत नाही.

ही परीक्षा मला महागात शिकायला मिळाली. चुलतभावाच्या मोटरसायकलचं मडगार्ड. आधी कुणीतरी ब्रशने ऑइल पेंट मारलेला होता. तो घासायच्या पेपरने (सँडपेपरने) गुळगुळीत केला आणि वरून एनसीचा हात मारला. मिनिटभर सुरेख दिसलं. मग एका कडेला रंग हलल्यासारखा वाटला आणि बघता बघता पूर्ण मडगार्डवर, दूध तापताना साय आकसते तशा सुरकुत्या उठल्या. एनसीचा थिनर कडक असतो, तो खालच्या सिंथेटिकमध्ये शिरतो आणि त्याला उचलतो. त्या दिवशी आम्ही पत्र्यापर्यंत सगळं खरवडून काढलं. माझे पेंटर गुरुजी आले, बघितलं आणि एवढंच म्हणाले, "अबे, खाली काय हाय ते न बघता काहून मारून राह्यला?"

तर लक्षात ठेवायचं ते इतकंच. एनसीवर किंवा कंपनीच्या रंगावर सिंथेटिक चालतो, सिंथेटिकवर एनसी चालत नाही. सिंथेटिकवर पीयू मारायचा असेल तर जुना रंग पत्र्यापर्यंत काढून टाकणं बरं.

प्रश्न: प्रायमर कोणता घ्यायचा? रेड ऑक्साइड पुरेसा आहे का?

साध्या लोखंडी पत्र्यावर सिंथेटिक रंग मारायचा असेल तर पुरेसा आहे आणि सर्वांत स्वस्तही आहे. तोही सिंथेटिक घराण्यातलाच, टर्पेंटाइनने पातळ होतो. डब्यावर आयएस २०७४ असा भारतीय मानकाचा क्रमांक लिहिलेला असेल तर तो लोखंडासाठीचा रेड ऑक्साइड-झिंक क्रोम प्रायमर आहे. नुसता "रेड ऑक्साइड" लिहिलेला सर्वांत हलका डबा घेऊ नका. त्यात लाल माती जास्त आणि पकड कमी असते. बोटाने चोळल्यावर दुसऱ्या दिवशीही लाल भुकटी निघत असेल तर समजा की तोच आहे. झिंक क्रोमवाल्याची भुकटी विषारी असते, म्हणून तो कोरडा घासताना मास्क हवाच.

याच्या वरची पायरी म्हणजे एपॉक्सी प्रायमर. दोन डब्यांचा असतो, महाग पडतो, पण पाणी आणि खताचे क्षार पत्र्यापर्यंत जाऊ देत नाही. पूर्ण ट्रॉलीला तो परवडत नसेल तर तळ, जोड, वेल्डिंगच्या रेषा आणि चाकामागचा भाग एवढ्यालाच लावा. गंज तिथूनच सुरू होतो. बाकी ठिकाणी रेड ऑक्साइड. पैसे वाचवायचे तर असे वाचवावेत. एपॉक्सीवर सिंथेटिक, एनसी, पीयू काहीही चालतं, हा आणखी एक फायदा. मात्र ऊन त्याला सोसत नाही. उघडा राहिला तर वरून खडूसारखा होतो, म्हणून रंग लवकर मारावा. एक-दोन दिवसांपेक्षा उशीर झाला तर आधी हलका पेपर मारून घ्यावा.

राखाडी रंगाचा सरफेसर म्हणून जो मिळतो त्याचं काम वेगळं. तो बारीक चरे भरून पृष्ठभाग सारखा करतो. गंज थोपवण्याचं काम त्याच्याकडून होत नाही, म्हणून उघड्या पत्र्यावर थेट मारू नये.

प्रश्न: पिवळा रंग मारायचा आहे, पण खालून लाल दिसत राहतो. काय करू?

पिवळा आणि चकचकीत लाल हे दोन्ही रंग झाकायला कमजोर असतात. रेड ऑक्साइडवर पांढऱ्या किंवा फिक्या राखाडी सिंथेटिकचा एक पातळ हात द्या आणि मग पिवळा मारा. दोन हातांत काम होईल. नाहीतर पिवळ्याचे चार हात लागतात आणि स्वस्ताचा डबा महाग पडतो.

प्रश्न: ट्रॉली बनवून आणली तेव्हा रेड ऑक्साइड मारलेलाच होता. रंग पुढच्या वर्षी मारला तर चालेल?

नाही चालणार. आपल्याकडे हे फार घडतं. वर्कशॉपमधून ट्रॉली लालच येते, हंगाम तोंडावर असतो, ती तशीच जुंपली जाते आणि पावसाळा तिच्यावरून जातो. रेड ऑक्साइडला बारीक छिद्रं असतात, ओल त्यातून आत जाते. वरून लाल दिसतं आणि खाली तांबेरा धरलेला असतो. प्रायमर पूर्ण सुकला की आठवड्याच्या आत रंगाचा हात गेला पाहिजे. हंगामाची घाईच असेल तर सिंथेटिकचा निदान एक हात मारून जुंपा.

वर्ष उलटून गेलं असेल तर त्याच लालवर रंग मारू नका. जिथे टोकदार खिळ्याने खरवडल्यावर पापुद्रा निघतो तिथे पत्र्यापर्यंत घासा आणि तेवढ्याला नवा प्रायमर द्या.

प्रश्न: गंज पूर्ण काढावा लागतो का? बाजारात गंजावर लावायचं औषध मिळतं म्हणे.

सुटणारा गंज पूर्ण काढावाच लागतो. तारेचा ब्रश, ८० नंबरचा पेपर, आणि ग्राइंडर असेल तर त्याला लावायचा तारेचा कप. पत्र्याच्या खळग्यांत बसलेला काळपट, घट्ट गंज राहिला तर त्याला फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं गंजनाशक लावता येतं. ते गंजाला काळसर, घट्ट थरात बदलतं. डब्यावर लिहिलेला वेळ ठेवून, सांगितलं असेल तसं पाण्याने धुऊन, कोरडं करून मग प्रायमर. हातमोजे घाला.

त्याआधी ट्रॉली धुणं महत्त्वाचं. ज्या ट्रॉलीतून युरिया, डीएपी आणि शेणखत गेलं आहे तिच्या जोडांत क्षार बसलेले असतात. क्षार राहिले तर कितीही चांगला प्रायमर मारा, ओल धरून तिथे फुगे येतात. भरपूर पाण्याने, कपड्याच्या साबणाच्या भुकटीने, ब्रश लावून धुवा आणि दोन दिवस उन्हात वाळवा. वणी-घुग्गुसकडे कोळशाची काळी धूळ बसते. तीही तेलकट असते, तिला हीच कृती.

प्रश्न: धुतल्यावर डिझेलने पुसून घेतलं तर?

त्याने सगळं बिघडतं. डिझेल उडून जात नाही, त्याचा पातळ थर पत्र्यावर राहतो. गाडी चमकावी म्हणून आपल्याकडे डिझेल, जळकं ऑइल, कधी खोबरेल तेलही लावतात. अशा पत्र्यावर रंग मारला की तो जागोजाग बाजूला सरकतो आणि बारीक गोल खड्डे पडतात. आधी साबणाने धुवा आणि मग स्वच्छ सुती कापड थिनरमध्ये भिजवून एकदा पुसा. लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसून घ्या, नाहीतर तेल फक्त पसरतं. त्यानंतर उघड्या हाताने पत्र्याला शिवू नका.

प्रश्न: पोचे आणि खड्डे भरायला कोणती लांबी?

खोल पोच्याला दोन भागांची पॉलिएस्टर लांबी, वर हार्डनरची छोटी ट्यूब मिळते ती. १०० ग्रॅम लांबीला साधारण २ ग्रॅम हार्डनर. उन्हाळ्यात थोडा कमी घाला, नाहीतर पत्र्यावर पसरायच्या आतच ती दगड होते. ही लांबी उघड्या, खरखरीत घासलेल्या पत्र्यावर किंवा एपॉक्सीवर बसते. रेड ऑक्साइडवर भरली तर तिच्यासकट प्रायमर सुटून येतो.

एनसी लांबी बारीक चऱ्यांसाठी. पातळ पातळ थर द्या. जाड भरली तर वरून सुकते, आत ओली राहते आणि महिनाभराने त्या जागी खळगा दिसतो. सिंथेटिकच्या कामात ती प्रायमरवर अगदी थोडी लावावी.

ट्रॉलीला लांबीच्या फंदात पडू नका. पहिल्याच मुरमाच्या खेपेत ती गळून पडते.

प्रश्न: पेपर कोणत्या नंबरचे घ्यायचे?

गंजाला ८०, मग १२० किंवा १८०. लांबीला १८० ते ३२०. प्रायमरवर ४०० पाण्याने. मोटरसायकलच्या टाकीसारख्या कामाला रंगाआधी ६००. उघड्या पत्र्यावर पाण्याचा पेपर मारू नका, अर्ध्या तासात तांबूस झाक धरते. पेपरच्या बाबतीत काटकसर करू नका. गुळगुळीत झालेला पेपर घासत बसण्यात दिवस जातो.

प्रश्न: ट्रॉलीला किती रंग लागेल?

मापून काढा, अंदाजाने नेहमी जास्त आणला जातो. समजा ट्रॉली १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि फाळके २ फूट उंच. चारही फाळके एका बाजूने ६४ चौरस फूट, आत-बाहेर धरून १२८. तळ वरून ६० आणि खालून ६०. चेसिस, जू, चाकाच्या डिस्क मिळून ४० धरा. एकूण २८८, म्हणजे जवळपास २९० चौरस फूट. ब्रशने एका हाताला लिटरमागे १०० चौरस फूट धरून चाला. प्रायमर एक हात, तीन लिटर. तळाच्या वरच्या बाजूला चकचकीत रंग देण्यात अर्थ नाही. फावडं आणि माल तो पहिल्याच महिन्यात खरवडतात, तिथे प्रायमरचाच आणखी एक हात द्या. त्याला अर्धा-पाऊण लिटर. उरलेल्या २३० फुटांना दोन हात म्हणजे साडेचार-पाच लिटर रंग. चार लिटरचा एक आणि एक लिटरचा एक डबा घ्या, सुट्या लिटरपेक्षा मोठा डबा लिटरमागे स्वस्त पडतो. गनने मारणार असाल तर हवेत उडून जाणारा रंग धरून तिसरा हिस्सा जास्त आणा.

रंगाची छटा जुळवायला गाडीचा एखादा सुटा भाग दुकानात न्या. बाहेरचा उन्हाने फिका पडलेला असतो, म्हणून सीटखालचा किंवा बोनेटच्या आतला भाग बघून छटा ठरवा. डबा उघडून, तळापर्यंत ढवळून, काडीने पत्र्यावर ठिपका लावून बघा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

प्रश्न: टर्पेंटाइनऐवजी रॉकेल किंवा पेट्रोल चालेल का?

रॉकेलने रंग दिवसेंदिवस चिकट राहतो आणि चमक मरते. पेट्रोल झटकन पेट घेतं आणि रंगाची पकडही बिघडवतं. दोन्ही नको. टर्पेंटाइनही जपून घाला. ब्रशसाठी लिटरला ५० ते १०० मिलिलिटर पुष्कळ झालं. जास्त पातळ केला की ओघळ येतात आणि रंग झाकत नाही.

सुट्या बाटलीतला थिनर घेताना काळजी घ्या. मला एकदा अशा बाटलीत भेसळ मिळाली होती आणि अख्ख्या फाळक्यावर पांढुरकी झाक आली. तेव्हापासून बंद डबाच घेतो.

प्रश्न: ब्रश बरा की गन?

ट्रॉलीला ब्रश आणि लहान रोलर. रंग वाया जात नाही, खळग्यांत भरला जातो, लाइट गेली तरी काम थांबत नाही. ट्रॅक्टरच्या बोनेटला आणि मोटरसायकलला गन.

गावात पंक्चरवाल्याकडचा कंप्रेसर भाड्याने मिळतो. तो आणलात तर आधी टाकीखालचा नळ उघडा. किती पाणी निघतं ते बघून तुम्हीच थक्क व्हाल. त्यात ऑइलही असतं. नळीत पाणी अडवणारा फिल्टर लावल्याशिवाय रंगाला हात घालू नका. सिंथेटिकला १.४ मिलिमीटरची तोटी चालते. गन पत्र्यापासून वीतभर लांब, हात सरळ रेषेत, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवायचा. ट्रिगर पत्र्याच्या बाहेर दाबायचा आणि बाहेरच सोडायचा. आधी जुन्या पत्र्यावर किंवा पुठ्ठ्यावर हात बसवा.

रंग सुकल्यावर पृष्ठभाग बारीक खडबडीत दिसला तर पेंटर त्याला ऑरेंज पील म्हणतात, संत्र्याची साल. वरुड-मोर्शीच्या लोकांना समजावून सांगायची गरजच नाही, अगदी तसंच दिसतं. रंग घट्ट, गन लांब, हवेचा दाब कमी किंवा पत्रा तापलेला, यांतलं काहीतरी कारण असतं. रंग पूर्ण कडक झाल्यावर पाण्याच्या बारीक पेपरने घासून पुन्हा एक हात देता येतो.

प्रश्न: कोणत्या महिन्यात रंगवावं?

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर. हवा कोरडी, ऊन सोसवणारं. पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी दव असतं. ओल्या पत्र्यावर रंग धरत नाही आणि संध्याकाळी ओल्या रंगावर दव बसलं की चमक जाते. म्हणून दहाच्या पुढे सुरू करा आणि दुपारी दोन-तीनपर्यंत हात आटपा.

मे महिन्यात हवाच ४५ अंशांच्या पुढे जाते आणि उन्हातल्या पत्र्यावर हात टेकवत नाही. रंग पसरायच्या आत वरून सुकतो, खालचा थिनर अडकतो आणि फुगे येतात. करायचंच असेल तर सकाळी सहा ते साडेआठ, सावलीत. पावसाळ्यात नको. एनसी रंग तर दमट हवेत हमखास पांढुरका पडतो, कारण थिनर झपाट्याने उडताना पत्रा गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते.

आणखी एक गोष्ट. शेजारच्या वावरात थ्रेशर किंवा हार्वेस्टर चालू असेल त्या दिवशी डबा उघडू नका. सोयाबीनचं कुटार उडून किती लांब येतं हे आपण जाणतोच. काम सुरू करण्याआधी अंगणात सडा टाका. शेणाचा असला तर उत्तम, धूळ बसून राहते.

प्रश्न: मोटरसायकलसाठी तयार स्प्रेचे डबे परवडतात का?

साइड पॅनल, मडगार्ड, आरसे अशा लहान भागांना परवडतात. पूर्ण गाडीला नाही, कारण डब्यात रंग कमी आणि गॅस जास्त असतो. डबा दोन मिनिटं नीट हलवा, पातळ हात द्या, मध्ये दहा मिनिटं थांबा. हे डबे ५० अंशांवर तापले तर फुटू शकतात. आपल्या उन्हाळ्यात उभ्या गाडीत किंवा पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका.

प्रश्न: पेट्रोलच्या टाकीवर झाकणाभोवतीचा रंग निघतो. उपाय काय?

तिथे सिंथेटिक, एनसी आणि साधा स्प्रे तिन्ही हरतात. पेट्रोल सांडलं की रंग मऊ पडतो आणि पुसताना निघून येतो. हार्डनरवाला पीयू रंग किंवा पीयू क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) हेच त्याचं उत्तर. एकटी टाकी काढून पेंटरकडे द्या, बाकी गाडी घरी करा. टाकी नेण्याआधी पूर्ण रिकामी करा. रिकाम्या टाकीतही वाफ उरते, तिच्याजवळ ग्राइंडर किंवा विडी-काडी नको.

प्रश्न: सायलेन्सरला काय लावू?

उष्णता सोसणारा अ‍ॅल्युमिनियम पेंट. गंज काढून थेट लावा, खाली रेड ऑक्साइड नको, तो जळून वरचा रंगही घेऊन पडतो.

प्रश्न: प्लास्टिकचे भाग आणि जस्ती पत्रा?

दोन्हींवर रेड ऑक्साइड धरत नाही. प्लास्टिकला प्लास्टिक प्रायमर. जस्ती पत्र्याला आणि अ‍ॅल्युमिनियमला वॉश प्रायमर म्हणून जो मिळतो तो किंवा एपॉक्सी.

प्रश्न: तोंडाला रुमाल बांधला तर पुरे नाही का?

नाही. रुमाल धूळ थोडी अडवतो, थिनरची वाफ अजिबात नाही. घासताना चांगला धुळीचा मास्क आणि गन मारताना कोळशाचे फिल्टर असलेला मास्क घ्या. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्याने दमा लागू शकतो आणि एकदा लागला की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. साधा फिल्टरचा मास्क त्याला भरवशाचा नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. म्हणून पीयूची गन घरी मारू नका असं मी अगदी कळकळीने सांगतो. वाचलेल्या पैशांपेक्षा औषधाचा खर्च मोठा होतो.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीचे रंग आणि औद्योगिक रंग तिच्यात येत नाहीत. म्हणून खरवडलेले पापुद्रे अंगणात सोडू नका. गुरं ते चाटतात आणि शिशाची विषबाधा गुरांना जिवावर बेतते. खाली ताडपत्री अंथरा, पापुद्रे गोळा करून बंद डब्यात भरा. लहान मुलांना आणि बैलांना त्या दिवशी दुसरीकडे ठेवा.

आणि आग. आपल्या घरात या दिवसांत छतापर्यंत कापूस भरलेला असतो, गोठ्यात कुटार असतं. रंगकाम यांच्यापासून लांब, मोकळ्या जागी करा. सिंथेटिक रंगाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर तो आतून तापत जातो आणि आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

प्रश्न: रंग बदलला तर आरटीओला कळवावं लागतं का?

आहे तोच रंग पुन्हा मारत असाल तर नाही. आरसीत गाडीचा रंग नोंदलेला असतो, वेगळा मारायचा तर नोंद बदलून घ्यावी लागते. लष्करी ऑलिव्ह ग्रीन रंग खासगी गाडीला देता येत नाही, १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तशी मनाई आहे. जुन्या जीपवाल्यांना हा मोह फार होतो.

चेसिस नंबरावर लांबी किंवा जाड रंग भरू नका. विक्रीच्या किंवा पासिंगच्या वेळी त्याचा ठसा घ्यावा लागतो. त्या पट्टीवर मास्किंग टेप लावा आणि शेवटी पातळ हात द्या. ट्रॉलीमागचं रेडियम रंगाने माखलं असेल तर नवीन लावा. रात्री कापसाची ट्रॉली जिनिंगच्या रांगेकडे जाताना मागून येणाऱ्याला तेवढंच दिसतं.

प्रश्न: रंग मारल्यावर ट्रॉली कधी जुंपायची?

सिंथेटिक दुसऱ्या दिवशी सुकलेला वाटतो, पण नखाने दाबलं तर वळ उठतो. हिवाळ्यात निदान आठवडा थांबा. रेडियम, नाव, नंबर त्यानंतरच चिकटवा, नाहीतर स्टिकर काढताना रंगही येतो.

प्रश्न: उरलेल्या रंगाचं काय करू?

वर चमचाभर टर्पेंटाइन ओता, न ढवळता झाकण घट्ट बसवा आणि झाकणावर तारीख आणि कुठल्या गाडीचा ते लिहा. पुढच्या वेळी उघडाल तेव्हा वर साय आलेली असेल. ती ढवळून आत मिसळू नका, अख्खी उचलून बाजूला काढा आणि खालचा रंग जुन्या ओढणीतून गाळून घ्या. हार्डनर मिसळलेला रंग किंवा एपॉक्सी मात्र उरत नाही, काही तासांत डब्यातच दगड होतो. तो लागेल तेवढाच मिसळायचा. उरलेला रेड ऑक्साइड वखर, डवरे आणि तिफणीच्या लोखंडी भागांना मारून टाका, पुढच्या पेरणीपर्यंत ते तसेच पडून असतात.